उभ्या वाहनाचा धूर आणि दंडाचा विचार

वाहन चालणे आणि वाहनाचे इंजिन चालणे या दोन गोष्टी एक नव्हेत. बैलगाडी थांबली की बैलही थांबतात. फार तर रवंथ करतात. मोटारीचे तसे नाही. चाके उभी राहिली तरी इंजिनाच्या पोटात इंधन जळतच असते, आणि त्या जळण्याचा धूर मागील नळीतून बाहेर पडतच असतो. या धुरामागे कोणतेही काम झालेले नसते. माल एक हातही पुढे सरकलेला नसतो, उतारू घरी पोहोचलेला नसतो. इंधन मात्र संपलेले असते आणि भोवतालची हवा बिघडलेली असते. अशा रीतीने वाहन विनाकारण चालू ठेवणाऱ्या चालकास दंड करावा की काय, हा प्रश्न जगातील अनेक नगरांपुढे आला व काहींनी त्यासाठी कायदेही केले. चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांतील शिक्षकांना हा विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु ज्यांच्या शाळा कोळशाच्या, सिमेंटच्या किंवा लोहखनिजाच्या रस्त्यावर आहेत, त्यांना तो दूरचा वाटणार नाही.

अशाच एका रस्त्यालगतच्या शाळेस प्रस्तुत लेखकाने एकदा एप्रिल महिन्यात भेट दिली होती. सकाळची शाळा होती. ऊन चढू लागले होते, तरी चौथीच्या वर्गाच्या रस्त्याकडील दोन्ही खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. कारण विचारता गुरुजींनी केवळ बाहेर बोट दाखविले. पुढील वजनकाट्यापाशी लागलेली मालमोटारींची रांग शाळेच्या कुंपणापर्यंत आली होती आणि प्रत्येक मोटारीचे इंजिन चालू होते. खिडकी उघडावी तर धूर व आवाज आत येतो. लावावी तर मुले उकाड्याने हैराण होतात. गुरुजींनी उकाडा पत्करला होता. वाचनाचा पाठ चालू होता, पण मुलांचे वाचन पहिल्या बाकापलीकडे ऐकू येत नव्हते.

आता हा धूर म्हणजे काय, ते पाहू. डिझेल हे कर्ब व उद्‌जन यांच्या संयुगांचे मिश्रण आहे. ते पूर्णपणे जळले तर कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ एवढेच उरावे. एक लीटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ते ८४० ग्रॅम भरते. त्यातून कार्बन डायऑक्साइड मात्र सुमारे २.६ किलो निर्माण होतो. वरच्या वर्गातील चौकस मुलगा येथे नक्की विचारील की, पाऊण-एक किलोतून अडीच किलो कसे निघाले? उत्तर सोपे आहे. कर्बाचे १२ भाग हवेतील प्राणवायूच्या ३२ भागांशी संयोग पावून ४४ भाग होतात. वाढलेले वजन हवेतून घेतलेल्या प्राणवायूचे असते. वजनाचा हिशेब कोठेही हरवत नाही, हे समजावून सांगण्यास यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि, खिडकीतून येऊन मुलांचा घसा धरतो तो कार्बन डायऑक्साइड नव्हे. त्याचा संबंध पृथ्वीच्या तापमानवाढीशी आहे. घसा धरणारे पदार्थ अपूर्ण ज्वलनातून व इंजिनातील उष्णतेतून निर्माण होतात. त्यांत काजळीचे अतिसूक्ष्म कण, नायट्रोजनची ऑक्साइडे, न जळलेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड हे प्रमुख होत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही व वासही नाही; पण रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जखडला जातो आणि तेवढ्या प्रमाणात रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. काजळीचे कण तर इतके बारीक की, मनुष्याच्या केसाच्या जाडीत त्यातील मोठ्यांत मोठे असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी बसावेत. नाकातील केस व घशातील ओलावा जाड धूळ अडवितात. हे कण मात्र फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराची गणना मनुष्यास कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांत केली.

इंजिन रिकामे चालत असता इंधन कमी जळते हे खरे. परंतु ते वाईट रीतीने जळते. भार नसल्यामुळे ज्वलनकक्ष पुरेसा तापत नाही व इंधनाचा काही अंश अर्धवट जळून बाहेर पडतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत टप्पा सहा हे मानक लागू झाले, आणि नव्या डिझेल वाहनांच्या धूरनळीत कण अडविणारी गाळणी व वायू शुद्ध करणारी रासायनिक योजना आली. ही योजनाही धूर तापलेला असेल तेव्हाच नीट काम करते. तास-अर्धा तास रिकाम्या चालणाऱ्या इंजिनाचा धूर निवत जातो आणि शुद्धीकरण मंदावते. शिवाय जुनी वाहने अद्याप रस्त्यावर आहेतच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चंद्रपूरची हवा उभ्या वाहनांनी बिघडविली, असे म्हणणे खोटे होईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक परिसरांची प्रदूषणाच्या निर्देशांकावरून पाहणी केली. तीत चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून त्याचा क्रम चौथा लागला. अंकलेश्वर, वापी व गाझियाबाद एवढेच त्याच्या वर होते. ७० च्या वर गुण म्हणजे अतिगंभीर स्थिती. पुढे २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातही, ज्यांची हवा ठरलेल्या मानकात बसत नाही अशा शहरांच्या यादीत चंद्रपूरचे नाव आले. याची मोठी कारणे सर्वांस ठाऊक आहेत: २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या उघड्या खाणी, गडचांदूर व घुग्घुस परिसरातील सिमेंटचे कारखाने, रस्त्यावर सांडणारी कोळशाची भुकटी आणि घरोघरच्या चुली. यांच्या तुलनेत थांबलेल्या मोटारीचा वाटा लहानच आहे.

मग त्याचा एवढा विचार का करावयाचा? कारण एकूण वाटा आणि जवळचा वाटा यांत फरक आहे. वीज केंद्राची धुरांडी उंच आहेत. त्यांचा धूर वर जाऊन पांगतो व मैलोगणती पसरतो. मालमोटारीची नळी बहुधा जमिनीपासून दोन-तीन फुटांवर असते, म्हणजे पहिलीतील मुलाच्या नाकाच्या पातळीवर. हे मूल उंचीने लहान असते आणि श्वासही अधिक वेगाने घेते. मोठा मनुष्य विश्रांतीच्या वेळी मिनिटास सुमारे १२ ते १८ वेळा श्वास घेतो, तर सहा-सात वर्षांचे मूल १८ ते २५ वेळा. शरीराच्या वजनाच्या मानाने ते अधिक हवा आत घेते, आणि त्याचे फुप्फुस अजून वाढत असते. म्हणून ज्या धुराचा जिल्ह्याच्या हिशेबात ठसा उमटत नाही, तो एका शाळेच्या अंगणात चांगलाच जाणवतो.

हिवाळ्यात तो विशेष जाणवतो. पौष-माघ महिन्यांत वर्धा, वैनगंगा किंवा प्राणहितेच्या काठच्या गावांत सायंकाळी चुलींचा धूर वर न जाता घरांच्या छपरांवर चादरीसारखा पसरून राहतो, हे मुलांनी पाहिलेले असते. रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा थंड व जड होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. उबदार हवेचे जणू झाकण बसते. खालचा धूर खालीच कोंडतो. सकाळी ऊन तापेपर्यंत हे झाकण टिकते, आणि नेमक्या त्याच वेळी मुले शाळेच्या वाटेवर असतात.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे थांबलेल्या वाहनाचे इंजिन चालू ठेवल्याबद्दल दंड आहे काय, या प्रश्नाचे उत्तर ‘काही अंशी’ असे द्यावे लागेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम १२६ उभ्या वाहनांविषयी आहे. चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती बसलेली नसेल, तर यंत्र बंद करून व गतिरोधक लावूनच वाहन सार्वजनिक जागी उभे ठेवावे, असा त्याचा आशय आहे. अशा भंगास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ नुसार प्रथम अपराधास ५०० रुपयांपर्यंत व पुढील अपराधास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे इंजिन चालू ठेवून टपरीवर चहा घेण्यास उतरलेला चालक कायद्याच्या कक्षेत येतो. पण तोच चालक आसनावर बसून चहा घेईल तर या कलमाखाली येत नाही. कारण या कलमाचा हेतू वाहन आपोआप चालू लागून अपघात होऊ नये हा आहे. धुराचा विचार त्यात नाही.

धुराचा विचार अन्यत्र आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १९० च्या दुसऱ्या पोटकलमात वायुप्रदूषणाच्या विहित मानकांचा भंग करणारे वाहन चालविण्यास प्रथम अपराधाबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्यास अपात्रता, अशी शिक्षा सांगितली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११५ नुसार नोंदणीस एक वर्ष झालेल्या प्रत्येक वाहनाजवळ प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र असावे लागते. लोक त्यास ‘पीयूसी’ म्हणतात. मात्र येथेही मोजली जाते ती धुराची प्रत, धूर सोडण्याचा कालावधी नव्हे. प्रमाणपत्र बाळगणारी मोटार शाळेच्या दारात दोन तास इंजिन चालू ठेवून उभी राहिली, तर केवळ तेवढ्यावरून या कलमाचा भंग होत नाही.

अन्य देशांनी हीच उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. जर्मनीत वाहनाचे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास रस्ता-वाहतुकीच्या नियमांतच मनाई आहे. हाँगकाँगमध्ये डिसेंबर २०११ पासून कोणत्याही एका तासात तीन मिनिटांहून अधिक काळ इंजिन रिकामे चालविल्यास ३२० हाँगकाँग डॉलर दंड होतो. न्यूयॉर्क नगरात मर्यादा तीन मिनिटांची आहे, पण शाळेलगत ती एकच मिनिट आहे. मुलांसाठी निराळे माप लावण्याची ही कल्पना लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच नगरात नागरिकाने चित्रफितीसह तक्रार केल्यास वसूल झालेल्या दंडाचा चतुर्थांश त्यास मिळतो. ही दुसरी योजना आमच्या खेड्यांत आणावी, असे प्रस्तुत लेखकास मुळीच वाटत नाही. शेजाऱ्याची चुगली करून पैसा मिळविण्याची सवय धुराइतकीच वाईट.

इंग्लंडची पद्धत अधिक समंजस आहे. तेथील २००२ च्या विनियमांनुसार स्थानिक संस्थेचा अधिकृत मनुष्य प्रथम चालकास इंजिन बंद करण्यास सांगतो. चालकाने ऐकले तर प्रकरण तेथेच संपते. न ऐकल्यास २० पौंडांचा दंड होतो व तो मुदतीत न भरल्यास ४० पौंडांचा. दंडाची रक्कम मोठी नाही. पण सांगण्याचा अधिकार कोणास आहे, हे निश्चित झाले की सांगण्यालाही वजन येते. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये लाल दिव्याशी थांबताना गाडी बंद करण्याची मोहीम निघाली. तीत दंड नव्हता. चौकाचौकांत उभे राहून स्वयंसेवक विनंती करीत.

दंडाचा विचार करताना ज्याला तो भरावयाचा त्याचे म्हणणेही ऐकावे. वर सांगितलेल्या शाळेपुढील रांगेतील एका वयस्क चालकाशी बोलणे झाले. तो म्हणाला, “गुरुजी, बंद करायला मला काय? डिझेल वाचले तर मालकाला बरेच वाटेल. पण रांग दर दोन मिनिटांनी चार हात सरकते. मी बंद करून पुन्हा सुरू करीपर्यंत मागचा मध्ये घुसतो. आणि ही बॅटरी अशी की, दहा वेळा चावी फिरविली तर अकराव्या वेळी धक्का मारायला माणसे शोधावी लागतील.” जड वाहनांचे गतिरोधक दाबलेल्या हवेवर चालतात. इंजिन बंद असता कोठे गळती असल्यास ती हवा हळूहळू उतरते व पुन्हा भरण्यास काही मिनिटे लागतात, हेही त्याने सांगितले. ते खरे आहे. परंतु ज्या वाहनाची हवा अर्ध्या तासात उतरते त्याची दुरुस्ती होणे अवश्य आहे, हेही तितकेच खरे. चढण चढून आलेले इंजिन मिनिटभर रिकामे चालवून मग बंद करावे, हा सल्लाही योग्यच आहे. मात्र मिनिटभर म्हणजे तासभर नव्हे.

यात आणखी एका कारणाची भर पडत आहे. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मालमोटारींत चालकाच्या कक्षास वातानुकूलन असणे अनिवार्य झाले आहे. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, तेथे चालकास ही सोय मिळणे न्याय्यच आहे. भट्टीसारख्या कक्षात दिवसभर बसणाऱ्याचे हाल ज्याने पाहिले असतील तो याबद्दल वाद घालणार नाही. परंतु हे यंत्र बहुधा इंजिनावरच चालते. तेव्हा उन्हात तीन तास रांगेत उभ्या असलेल्या चालकास ‘इंजिन बंद कर, नाही तर दंड भर’ असे म्हणणे म्हणजे उकाड्याचा भार वर्गातील मुलांवरून उचलून त्याच्या डोक्यावर ठेवणे होय.

यावरून लेखकाचे मत असे झाले आहे की, आपल्याकडे दंड हवा, पण तो प्रथम रांगेस कारण होणाऱ्यास हवा. वजनकाटा, खाणीचे फाटक किंवा कारखान्याचे दार येथे गाड्यांना क्रमांक देऊन वेळेनुसार बोलाविले व सावलीची, पाण्याची जागा करून दिली, तर इंजिन चालू ठेवण्याचे कारणच उरत नाही. त्यानंतरही जो चालू ठेवील त्याला दंड करण्यास हरकत नाही. सुरजागडच्या टेकडीवरील लोहखनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टी अशा मार्गाने वर्षानुवर्षे मालमोटारींतून वाहिले गेले. एवढ्या वाहतुकीला थांबण्याच्या जागा आखून दिल्या नाहीत, तर गाड्या जेथे सावली व चहा मिळेल तेथे थांबतात. वडाची सावली बहुधा शाळेपाशी असते.

थांबण्याच्या जागा ठरविण्याची तरतूद कायद्यात आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११७ नुसार राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला प्राधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने उभी करण्याच्या जागा निश्चित करू शकतो. कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वा सोयीसाठी विशिष्ट भागात वाहनांवर निर्बंध घालता येतात. शाळेपुढील जागा थांब्यातून वगळावी व अमुक अंतरावरील पडीक जमीन त्यासाठी नेमावी, अशी मागणी ग्रामपंचायतीने ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविता येते. प्रत जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयास द्यावी. गडचिरोलीतील अनुसूचित क्षेत्रात हा विषय ग्रामसभेपुढे आणणे अधिक योग्य.

अशा ठरावास आकड्यांचा आधार असेल तर त्याचे वजन वाढते, आणि आकडे जमविणे हे गणिताच्या तासाचे काम होऊ शकते. पाचवी ते सातवीच्या मुलांनी कुंपणाच्या आत बसून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, आठ दिवस शाळेच्या वेळेत नोंद ठेवावी: किती वाहने थांबली, किती मिनिटे थांबली, त्यांपैकी किती मिनिटे इंजिन चालू होते. जड मालमोटार रिकामी चालताना ताशी सुमारे दोन ते तीन लीटर डिझेल जाळते. दिवसात ४० मोटारी प्रत्येकी अर्धा तास थांबल्या, असे उदाहरणादाखल धरू. ताशी अडीच लीटर प्रमाणे ५० लीटर डिझेल वाया गेले. त्याचा भाव मुलांनीच गावातील पंपावरून विचारून यावा आणि गुणाकार करावा. गाडीमालकास धुरापेक्षा हा गुणाकार लवकर समजतो, असा अनुभव आहे.

हवेतील धूळ दाखविण्यासाठी पांढऱ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्यावेत, त्यांस खोबरेल तेलाचा पातळ हात द्यावा आणि एक रस्त्याकडील भिंतीवर व एक शाळेच्या मागील बाजूस, पाऊस व वर्दळ लागणार नाही असा टांगावा. आठ दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. यात एक सावधगिरी हवी. पुठ्ठ्यावर बसते ती रस्त्याची धूळ, कोळशाची भुकटी व काजळी यांचे मिश्रण असते, आणि सर्वांत घातक असे सूक्ष्म कण तर पुष्कळसे हवेतच तरंगत राहतात. तेव्हा ‘हा पाहा डिझेलचा धूर’ असे मुलांस सांगू नये. धूरनळीस रुमाल लावून पाहण्याचा प्रयोग काही पुस्तकांतून सुचविलेला असतो. तो मुलांकडून कदापि करवू नये.

नोंदवहीत वाहनांचे क्रमांक किंवा चालकांची नावे लिहू नयेत. शिक्षकास वा विद्यार्थ्यास दंड करण्याचा अधिकार नाही, आणि मूल आपला क्रमांक टिपून घेत आहे असे दिसल्यास चालक चिडतो. त्याऐवजी रकाने चारच ठेवावेत: दिनांक, वेळ, थांबण्याची मिनिटे, इंजिन चालू असल्याची मिनिटे. शेरा लिहावयाचाच असेल, तर त्या वेळी वर्गाच्या खिडक्या उघड्या होत्या की बंद, तेवढे लिहावे.